आधी जमिनीवर बसा

उत्तर कलकत्त्यात बागबाजारला मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. परमुलखात आपल्या नावाची गल्ली सापडली की छाती फुगते, पण इथे फुगायचं काही कारण नाही. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ बंगालवर चालून आलं, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. खंदक अर्धवटच राहिला, घोडेस्वार शहरापर्यंत पोचलेच नाहीत, पुढे खंदक बुजवून त्यावरून रस्ता गेला. नाव तेवढं उरलं. आपल्या ‘बारगीर’चं बंगालीत ‘बॉर्गी’ झालं, आणि मूल झोपत नसलं की इथल्या आज्या अजून पाळणागाण्यातून बॉर्गींना बोलावतात. माझे सासरे विट्याहून गलाईच्या धंद्यात इथे आले. लग्न होऊन मी आले तेव्हा शेजारच्या माशीमांनी पहिल्याच भेटीत हसत विचारलं होतं, ‘म्हणजे तुम्हीच ते बॉर्गी का?’

ही जुनी गोष्ट काढायचं कारण म्हणजे त्या गल्लीच्याच परिसरात, कालव्याच्या कडेने गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी भरणारा बाजार. पूर्वी तो हातीबागानला भरायचा. रोपं, कुंड्या, रंगीत मासे, पक्षी, कुत्र्यांची पिल्लं आणि ससे. जाळीच्या पिंजऱ्यात ससे एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले असतात, गिऱ्हाईक आलं की विकणारा कान धरून एक वर काढतो. मुलाच्या वाढदिवसाला म्हणून ससा घरी जातो. काही महिन्यांनी मुलाचा उत्साह ओसरतो, सशाने टीव्हीची वायर कुरतडलेली असते, किंवा ‘दोन्ही मादीच आहेत’ म्हणून घेतलेल्या जोडीतला एक नर निघतो आणि एका महिन्याने खोक्यात पाच-सहा पिल्लं असतात. मग ते ससे गच्चीवर जातात, जिन्याखाली जातात, आणि काही जण तर त्यांना मैदानावर ‘मोकळे’ सोडून येतात. पाळीव पांढरा ससा उघड्यावर सोडणं म्हणजे कावळे, घारी आणि कुत्र्यांना पान वाढणं.

यातले जे वाचतात त्यांना शहरातली काही धडपडी मुलं-मुली उचलून आणतात. कायमचं घर मिळेपर्यंत दोन-तीन महिने सांभाळणारं कुणीतरी त्यांना हवं असतं. त्याला इथे सगळे ‘फॉस्टर’च म्हणतात, मीही तेच म्हणते. कुत्र्यामांजरांना अशी घरं मिळतात, सशाला फारच थोडी. माझं सांगणं एवढंच आहे की कलकत्त्यात, आणि तुम्ही असाल त्या गावीही, एखादी खोली, निदान खोलीचा एक कोपरा, अशा सशासाठी द्या. पण देण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या घरात आलेल्या त्या जिवाच्या लेखी तुम्ही यशोदा नाही आहात. तुम्ही बॉर्गी आहात.

सशाला माणसाचा लळा लागत नाही, तो बुजरा तो बुजराच राहतो, असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्या सशाशी त्यांची वागणूक पाहिली की कारण कळतं. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मागचं-वरचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं. फक्त नाकाच्या अगदी समोर आणि हनुवटीखाली दिसत नाही. आता आपण काय करतो ते पाहा. पाच फुटांवरून वाकतो, म्हणजे घारीसारखे वरून येतो. ‘ये ये’ करत हात थेट नाकासमोर नेतो, म्हणजे नेमका त्याला न दिसणाऱ्या जागी. मग कवळ घालून उचलतो. सशाच्या आयुष्यात त्याला जमिनीवरून कुणी उचलतं ते एकदाच, खाण्यासाठी. प्रेमाने केलेल्या तिन्ही गोष्टी त्याला शिकारीच्याच वाटतात, आणि प्रत्येक वेळी त्याचा अंदाज आणखी पक्का होतो.

म्हणून आधी जमिनीवर बसा. चांगलं बूड टेकून, पाय पसरून, त्याच्याकडे तोंड न करता, कूस करून. हातात काहीतरी वाचायला घ्या. तो जिथे लपला असेल तिथे बघू नका. टक लावून बघणं हेही शिकाऱ्याचंच लक्षण. मोठ्याने वाचलंत तर उत्तम, त्याला तुमच्या आवाजाची सवय होते. मी पंचांग वाचलं, किराण्याची यादी वाचली, सासूबाईंची पोथी वाचली. अर्धा-पाऊण तास बसायचं आणि उठताना हळू उठायचं. रोज त्याच वेळी, शक्यतो सकाळी लवकर आणि संध्याकाळी. ससा दुपारी झोपतो, तो पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, त्यामुळे भर दुपारी जाऊन ‘खेळत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

एवढंच? हो, पहिले आठ-दहा दिवस एवढंच. लोकांना हेच जमत नाही. प्राण्यासाठी पैसे खर्च करायला, धावपळ करायला माणसं तयार असतात. काही न करता बसायला सांगितलं की त्यांचा जीव जातो.

माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दोघी बहिणी होत्या. एक करड्या रंगाची, तिला आम्ही भुरी म्हणायला लागलो. दुसरी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, ती पिठी. आल्याबरोबर दोघी कपाटाखाली गेल्या. पिठी अधूनमधून मान डावी-उजवीकडे हलवायची, मला वाटलं हिच्या डोक्यात काही बिघाड आहे. नंतर कळलं, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांची नजर कमजोर असते आणि समोरची वस्तू किती लांब आहे ते अजमावायला ते असे डुलतात. अशा सशाजवळ जाताना पाय न वाजवता जाणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. आधी आवाज द्या, मग जा.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडून घोटाळा झाला. पाहुणे आले होते, त्यांच्या नातवाला ससे बघायचे होते. मी कपाटाखाली हात घातला आणि भुरीला ओढून काढली. तिने मागच्या पायांनी असा हिसका दिला की माझं मनगट ओरबाडलं गेलं, आणि ती पडता पडता वाचली. सशाचं हाड फार हलकं असतं आणि मागचे पाय विलक्षण जोरदार. अधांतरी लाथ मारली की त्याचं स्वतःचं कंबरडं मोडू शकतं, कायमचं. त्या एका मिनिटाची किंमत मी जवळजवळ तीन आठवडे मोजली. मी खोलीत पाऊल टाकलं की धप्प असा आवाज यायचा. मागचा पाय जमिनीवर आपटून ससे बिळातल्या बाकीच्यांना सांगतात, ‘आला रे.’ तो ‘आला रे’ माझ्यासाठी होता. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: लपलेल्या सशाला लपलेल्या जागेतून कुणीही, कशासाठीही बाहेर काढायचं नाही. आग लागली किंवा डॉक्टरकडे न्यायचं असलं तर गोष्ट वेगळी.

लपायची जागा मात्र कपाटाखालची नको, आपण दिलेली हवी. पुठ्ठ्याचं मोठं खोकं उपडं घाला आणि त्याला दोन दारं कापा. एकच दार असलं तर ते बीळ नसून सापळा होतो, हे सशाला आपल्याहून चांगलं कळतं. ‘लपायला जागा दिली तर तो बाहेर कशाला येईल?’ असं मला विचारतात. उलट आहे. परत पळायला जागा आहे याची खात्री असेल तरच तो बाहेर येतो.

आपल्या भाषेत ‘ससा’ या एकाच शब्दात दोन वेगळे प्राणी कोंबले आहेत, त्याचाही घोळ होतो. आपल्या माळरानावरचा ससा उघड्यावर राहतो, बीळ खणत नाही, त्याचं पिल्लू डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतं. तो वन्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडता किंवा पाळता येत नाही. पिंजऱ्यात विकला जातो त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो बिळांच्या वस्तीत राहणारा आहे, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. म्हणून याला दोन गोष्टी लागतात, डोक्यावर छप्पर आणि जातीची सोबत. जोडी आली असेल तर ‘एकेकीला माणसाळवू’ म्हणून वेगळं करू नका. धीट असेल तिच्याकडे लक्ष द्या, बुजरी लांबून बघत असते. भुरीने माझ्या हातून पहिली काडी घेतली त्यानंतर पाचव्या दिवशी पिठीने घेतली, मी तिच्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. जोडीत नर असेल तर मात्र नसबंदी होऊन काही आठवडे जाईपर्यंत मध्ये जाळी हवीच. एकमेकांना दिसतील, वास येईल, एवढं पुरे. मादीचीही शस्त्रक्रिया करून घ्यावी, कारण न केलेल्या माद्यांना वय झाल्यावर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण मोठं आहे.

कलकत्त्याच्या जुन्या घरांतली ती लाल, आरशासारखी फरशी. बघायला सुंदर, सशाला वैरीण. कुत्र्यामांजरासारखी त्याच्या तळपायाला गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. घसरणारा ससा पळू शकत नाही, आणि पळता येत नाही हे कळलं की तो कोपऱ्यात गोठून बसतो. लोक म्हणतात, ‘किती शांत आहे!’ माझ्याकडे दोघी आठवडाभर तशाच बसल्या होत्या. मग माशीमांनी त्यांचा जुना मादुर आणून दिला, मेदिनीपूरकडच्या गवताची विणलेली चटई. ती अंथरली त्या रात्री मला पहिल्यांदा धावण्याचा आवाज आला. चटई त्यांनी कडेने खाल्लीही, पण ते गवतच होतं. चटई नसेल तर जुनी सतरंजी चालेल, दोरे निघालेलं गोणपाट नको. जाळीच्या तळाचा पिंजरा तर नकोच, तळपायाला जखमा होतात.

आता खाण्याचं, कारण विश्वासाचा रस्ता तिथूनच जातो. फक्त चुकीच्या बाजूने जाऊ नका. कुणीतरी तुम्हाला सांगेल, दिवसभर उपाशी ठेवा, मग हातातून खाईल. हा सल्ला जीवघेणा आहे, हे अगदी स्पष्ट लिहिते. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर आतडं थांबलं असं समजून लगेच डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. म्हणून सुकं गवत चोवीस तास समोर हवं, पाणी जड वाडग्यात हवं. त्याच्या खाण्याचा मोठा वाटा, पाचातले चार घास म्हणा, हे गवतच. बाहेरचं पाकीटबंद गवत महाग पडतं. इथे मी दूर्वा आणते, बंगालीत ‘दुब्बो घास’, धुऊन पंख्याखाली वाळवते. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातला गणपती झाला की उरलेल्या जुड्या मी पूर्वी मागून आणायची, हळदीकुंकू-गुलाल न लागलेल्या तेवढ्या. बाप्पाचं वाहन चिडलं असेल तर असो. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, त्यात पोषण फारसं नाही. उद्यानातलं गवत औषध फवारलेलं किंवा कुत्री फिरणाऱ्या जागेचं नसेल याची खात्री करा.

ससा आणि गाजर ही जोडी चित्रातली. गाजर गोड असतं, नखाएवढा तुकडा पुरे. मुडी म्हणजे कुरमुरे, बिस्किट, पाव, भात यांतलं काही नाही. मिष्टी दोईला लावलेलं बोटसुद्धा नाही. ‘एकटू दिले की होबे’, थोडंसं दिलं तर काय होतंय, असं म्हणणारे काका प्रत्येक इमारतीत असतात, त्यांना खोलीबाहेरच चहा द्या. आधीच्या घरी जे खात होता ते एकदम बंद करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. आणि पहाटे तो स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसला तर किळस करू नका, मारू तर मुळीच नका. ते त्याचं दुसऱ्यांदा जेवण आहे, त्यावाचून त्याचं पोषण पुरं होत नाही.

हातातून द्यायचा तो खाऊ वेगळा. कोथिंबिरीची लांब काडी घ्या किंवा कोलमी या इथल्या पालेभाजीची पानं. लांब म्हणजे हातभर, कारण सुरुवातीला तुमच्या बोटांत आणि त्याच्या नाकात अंतर हवं. काडी जमिनीवर आडवी धरा आणि वाचत राहा. पहिल्यांदा तो येईल तो रबरासारखा ताणून, पुढचं अंग काडीपाशी आणि मागचे पाय मागेच. ते पाय पळायच्या तयारीत ठेवलेले असतात. काडी ओढून खोक्यात नेईल, नेऊ द्या. काडी मागे खेचून त्याला जवळ आणायचा खेळ करू नका; त्याला ती फसवणूक कळते. एक दिवस तो काडी तिथेच बसून खाईल. एक दिवस तुमच्या पायावर चढून पलीकडे जाईल, जसं काही तुम्ही लाकडाचा ओंडका आहात. त्या वेळी तुम्ही ओंडकाच राहायचं. भुरी पहिल्यांदा माझ्या पोटरीवर चढली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी डोळे पुसायलाही हात उचलला नाही.

हात लावायची वेळ त्यानंतरची. हात बाजूने, जमिनीलगत आणा आणि कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये ठेवा. हनुवटी, पोट, पाय, शेपूट यांना लांब ठेवा. तीन-चार वेळा कुरवाळा आणि थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, कारण आता त्याला बोलायची संधी मिळते. तो डोकं जमिनीला टेकवून तसाच राहिला किंवा हाताला नाकाने ढुशी दिली तर ‘अजून’. उठून गेला तर ‘पुरे’. ‘पुरे’ म्हटल्यावर खरंच पुरे करा, एकदाही मागे जाऊ नका. त्याच्या ‘नाही’ला घरात किंमत आहे, हे त्याला ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून त्याचं ‘नाही’ कमी होत जातं. हे मला सशांनी शिकवलं. माणसांच्या मुलांना वाढवताना कळलं असतं तर बरं झालं असतं.

सशाची बोली मुकी आहे पण अवघड नाही. कुरवाळताना दात हलके किटकिटले तर तो सुखात आहे. तेच दात जोराने करकरले, अंग आकसलं, डोळे अर्धवट मिटले, तर दुखतंय. हनुवटी खुर्चीच्या पायाला घासली की ‘हे माझं.’ धावता धावता हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला की आनंद, त्याचं भाषांतर करायला नको. आणि कधीतरी तो एकदम कुशीवर धाडकन पडेल. पिठी पहिल्यांदा तशी पडली तेव्हा मी किंचाळले, मेलीच म्हणून. ती नुसती आडवी झाली होती, माझ्या देखत. शिकार होणारा प्राणी कुणासमोर आडवा होतो?

एक फसवं दृश्य मात्र ओळखा. सशाला पाठीवर उताणं केलं की तो निपचित पडतो, डोळे उघडे, हालचाल नाही. मोबाइलवर असले व्हिडिओ ‘किती गोड झोपलाय’ म्हणून फिरतात. तो झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचं सोंग घ्यायचं, हा त्याच्या शरीराचा शेवटचा उपाय आहे. नखं कापायला सोपं जातं म्हणून असं करणारे आहेत. करू नका.

उचलायची गरजच कमी करा. न्यायचा डबा पहिल्या दिवसापासून खोलीत उघडा ठेवा, त्यातच खाऊ द्या, तो आपणहून आत जाईल. डबा वजनकाट्यावर ठेवून आठवड्याला एकदा वजन घ्या. ससा आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंग आपल्या पोटाशी घट्ट आणि आपण खाली बसलेले. कान धरून कधीच नाही. बंगालीत, हिंदीत सशाला खरगोश म्हणतात. फारसीत त्याचा अर्थ गाढवाच्या कानांचा, पण ते मुठीत धरायचे कान नव्हेत. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो.

आणि कलकत्त्याचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. चैत्रापासूनच सशाला तो झेपत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून खोलीत ठेवा, तो टेकून बसेल. ओल्या बोटांनी कानांना पाणी लावा. तोंड उघडं टाकून धापा टाकू लागला तर थंड जागी न्या आणि डॉक्टरला फोन करा. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका. पावसाळ्यात साठवलेल्या गवताला बुरशी येते, वास घेऊन मगच द्या. त्या दिवसांत शेपटीखालचे केस रोज बघा. ते ओले किंवा मळलेले राहिले की माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. कुत्र्याचं पिसवांचं औषध सशाला लावू नका. कुत्र्यामांजरांच्या काही थेंबांतलं फिप्रोनिल सशाला विषासारखं असतं. तसंच घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका, त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात. ससे तपासणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. बेलगाछियाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८९३ पासून आहे. कुठेही गेलात तरी ‘ससा बघता का?’ एवढं आधी फोनवर विचारा, कारण कुत्र्यांचे निष्णात डॉक्टर सशापुढे चाचपडताना मी पाहिले आहेत.

इथल्या आवाजांचंही सांगायला हवं. संध्याकाळी शेजारी शंख वाजतो, लग्नघरी बायका उलूध्वनी करतात, वैशाखात काळबैसाखीचं वादळ येतं तेव्हा खिडक्या आदळतात. भुरी-पिठी दर संध्याकाळी शंखाला पाय आपटायच्या. मी शंखाच्या आधी पाच मिनिटं कोथिंबीर घेऊन बसू लागले. महिन्याभरात शंख वाजला की त्या खोक्याच्या दाराशी येऊन बघायच्या, कोथिंबीर कुठाय. दुर्गापूजेचे ढाक त्यांनी सोसले. कालीपूजेच्या फटाक्यांना मात्र असली युक्ती नाही. आतली खोली, बंद खिडक्या, खोक्यावर जाड रजई, पंखा मोठा आणि तुम्ही जमिनीवर. रात्रभर खातायत ना, एवढंच बघायचं.

हे वाचून कुणी रविवारी गॅलिफ स्ट्रीटला जाऊन दयेपोटी दोन ससे विकत आणणार असेल तर थांबा. तुम्ही एक पिंजरा रिकामा करता आणि पुढच्या रविवारी भरायला पैसे देता. तिथली पिल्लं बऱ्याचदा इतकी लहान असतात की त्यांना अजून आईजवळ असायला हवं. आठ आठवड्यांआधी तोडलेलं पिल्लू वाचवणं अनुभवी माणसालाही जड जातं. कुठे हाल दिसले तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे. आणि याच शहरात बहूबाजारात प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी भारतातली सर्वांत जुनी संस्था आहे. १८६१ साली कोल्सवर्दी ग्रँट नावाच्या चित्रकाराने ती काढली, भरउन्हात गाड्या ओढणाऱ्या बैलांचे हाल बघवेनात म्हणून. रायटर्स बिल्डिंगजवळ त्याचा स्मृतिस्तंभ आहे, जाता-येता बघा. आधीच टाकून दिलेले ससे भरपूर आहेत, त्यांतला एक आणा.

मला नेहमी विचारला जाणारा शेवटचा प्रश्न असा: द्यायचाच आहे तर लळा कशाला लावायचा? आपल्याला त्रास, त्यालाही त्रास. मला त्रास होतो हे खरं. पण फॉस्टरचं काम म्हणजे सशाला माझ्यापुरतं माणसाळवणं नव्हे. बाजारात कान धरून उचलणाऱ्या हातांनी त्याला माणसाच्या हाताबद्दल जे शिकवलं ते पुसून टाकायचं, म्हणजे पुढचा हात कुणाचा का असेना, त्याला पळावंसं वाटू नये. घाबरलेल्या सशाला कुणी दत्तक घेत नाही. देताना त्यांचं खोकं, त्यांची न धुतलेली सतरंजी आणि आठवडाभराचं गवत बरोबर द्या, म्हणजे नव्या घरात निदान वास तरी ओळखीचा राहील. जोडीतली एकच नेतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणा.

भुरी-पिठी चौथ्या महिन्यात साल्ट लेकला गेल्या, एका शाळकरी मुलीच्या घरी. मी खोकं मांडलं, मादुर अंथरला, डब्याचं दार उघडलं. दोघी सुळकन खोक्यात गेल्या आणि आतून धप्प असा आवाज आला. मुलीचं तोंड एवढंसं झालं. ‘भॉय पेयेछे,’ ती म्हणाली, घाबरल्या. मी तिला खाली बसवलं, खोक्याकडे कूस करून, आणि तिच्या दप्तरातलं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

‘किती वेळ वाचायचं, आंटी?’

मी विचारलं, ‘पुस्तक किती पानांचं आहे?’